मोटारीखालचें बोटभर रबर

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांना हंसूं येईल, हें मीं गृहीतच धरलें आहे. मोटारीविषयीं बोलावयाचें तर तिच्या इंजिनाविषयीं बोलावें, वेगाविषयीं बोलावें, फार तर पेट्रोलच्या दराविषयीं बोलावें. तें सर्व सोडून मी बोलणार आहें तें मोटारीच्या पोटाखालीं, चिखलानें माखून, कोणाच्याहि नजरेस न पडतां बसलेल्या एका रबराच्या तुकड्याविषयीं. आकारानें तो लिंबाएवढा, मोठ्या गाडींत फार तर पेरूएवढा. आणि किंमत अशी कीं, गाडीच्या हिशेबांत ती कोणी लिहूनहि ठेवीत नाहीं. इंग्रजी पुस्तकांतून त्याला 'बंप स्टॉप' म्हणतात. 'आदळ-रोधक' असा एखादा भारदस्त मराठी शब्द मला बनवितां आला असता. परंतु यवतमाळच्या कोणत्याहि गॅरेजमध्यें जाऊन आदळ-रोधक मागितला, तर मिस्त्री आपल्या तोंडाकडे पाहत राहील. तो त्याला 'बंप रबर' म्हणतो. आपणहि तेंच म्हणूं.

या वस्तूशीं माझी ओळख पुस्तकांतून झाली नाहीं. ती एका दुःखद प्रवासांत झाली. २०१८ सालच्या पावसाळ्यांत घाटंजी तालुक्यांतील एका खेड्यांत माझी आत्या ओसरीवरून घसरून पडली आणि तिच्या खुब्याचें हाड मोडलें. तिचें वय पंचाहत्तरीच्या पुढें. रात्रीची वेळ, बाहेर पाऊस. रुग्णवाहिकेची वाट पाहण्याइतका धीर आम्हांला राहिला नव्हता. हाताशीं मिळाली ती भाड्याची जीप आम्हीं ठरविली, मागच्या दोन बाकांमध्यें गादी अंथरली आणि तिला घेऊन यवतमाळची वाट धरली. रस्ता अगदींच वाईट होता असें नाहीं. मधून मधून खड्डे होते, नाल्यांवरील मोऱ्यांपाशीं डांबर खचलें होतें, वस्तीजवळ गतिरोधक होते. ड्रायव्हरहि बिचारा जपून चालवीत होता. परंतु प्रत्येक खड्ड्यापाशीं गाडीच्या मागच्या अंगांतून लोखंडावर लोखंड आदळल्याचा 'ठण्ण' असा आवाज येई, आणि त्यासरशीं आत्याच्या तोंडून जो उद्गार निघे तो मला अजून ऐकूं येतो. 'आखीन किती दूर हाय रे बाबू?' हें तिनें किती वेळां विचारलें, याची मोजदाद नाहीं. पुढें पुढें तर तिनें विचारणेंहि सोडून दिलें.

आठवड्याभरानें त्या ड्रायव्हरला घेऊन मी एका मिस्त्रीकडे गेलों. मिस्त्रीनें गाडीखालीं शिरून बॅटरीचा झोत टाकला आणि मला वांकून पाहावयास सांगितलें. मागच्या पाट्यांच्या वर, चासीच्या लोखंडाला, जेथें रबर असावयास हवें होतें तेथें नुसती एक लोखंडी बैठक उरली होती. आणि ती आदळून आदळून नव्या रुपयासारखी चकाकत होती. ड्रायव्हर म्हणाला, 'रबर त कधीचंच पडलं. गाडी चालते नं त्याच्याबिगर!' त्यावर मिस्त्री शांतपणें म्हणाला, 'गाडी त चालते, भाऊ. पन सोसते कोन?' माझें आजचें सारें भाषण म्हणजे त्या एका प्रश्नाचें लांबलेलें उत्तर आहे.

प्रथम हें रबर करतें काय, तें पाहूं. आपल्या वऱ्हाडांतील बंडीला स्प्रिंग नसते. चाकावरील लोखंडी धांव दगडावर चढली कीं आंस उचलला जातो, आंसाबरोबर सांगाडा उचलला जातो आणि सांगाड्याबरोबर आंत बसलेला माणूस. बैलाच्या चालीनें चालणाऱ्या वाहनाला हें परवडतें. वेग वाढला कीं परवडत नाहीं. लंडनच्या ओबादाया इलियटनें पोलादी पट्ट्यांच्या कमानी घोड्याच्या गाडीला बसविण्याचें पेटंट १८०४ सालीं घेतलें. पुढें मोटार आली तीहि या कमानींवरच स्वार होऊन आली. आणि आपल्या जीपगाड्यांच्या व ट्रकांच्या खालीं जे पाटे आपण पाहतों, ते त्याच कमानींचे वंशज होत. कल्पना अशी कीं, दगड आला तर चाकानें वर जावें, पण गाडीनें व तिच्यांतील माणसानें शक्य तों जागच्या जागीं राहावें.

आतां चाकाला वर जावयाचें तर त्याला जागा हवी. साधारण मोटारींत ही जागा वीतभरहि नसते. बहुधा चार-पांच बोटें. एवढ्या चार-पांच बोटांत स्प्रिंगनें सारा प्रपंच आटोपावयाचा असतो. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानें १६७८ सालीं स्प्रिंगविषयीं जो नियम सांगितला तो असा कीं, भार दुप्पट केला तर स्प्रिंग दुप्पट दबते. नियम सोपा आहे. परंतु गाडी बांधणाऱ्याला तो पेंचांत टाकतो. स्प्रिंग मऊ ठेवावी तर मोठ्या खड्ड्यांत ती चार-पांच बोटें केव्हांच संपवून टाकते. कडक ठेवावी तर रस्त्यावरचा खडान् खडा आंतल्या माणसाला मोजतां येतो. शॉकअप नांवाची जी नळी आपण ऐकून आहों, तिचें काम निराळें. एकदां हललेली गाडी झोपाळ्यासारखी हलत राहूं नये, एवढें ती पाहते. गाडीचा भार ती पेलीत नाहीं. तेव्हां या पेंचांतून वाट काढतें तें बंप रबर. रोजच्या वाटेवर मऊ स्प्रिंगनें काम करावें आणि जेव्हां ती हरत आली असेल तेव्हां शेवटच्या बोटा-दोन बोटांत रबरानें तिची बाजू घ्यावी, अशी ही योजना आहे.

शेवटच्या या थोड्याशा अंतराचें महत्त्व किती, हें एका हिशेबावरून कळेल. ३०० किलो वजन १० सेंटिमीटर खालीं पडलें, असें समजा. त्याला अर्ध्या सेंटिमीटरांत थांबवावयाचें झाल्यास थांबविणाऱ्या वस्तूवर सरासरी ६,३०० किलोंचा, म्हणजे मूळ वजनाच्या एकवीसपट भार येतो. तेंच वजन ४ सेंटिमीटरांत थांबविलें, तर भार १,०५० किलोंवर येतो, म्हणजे साडेतीनपट. वजन तेंच, उंची तीच. फरक पडला तो थांबण्यासाठीं दिलेल्या साडेतीन सेंटिमीटरांचा. आपल्या घरांतील स्त्रियांना हें गणित न शिकतांच ठाऊक असतें. माळ्यावरून कोणी जड पातेलें खालीं सोडलें, तर तें झेलणारी बाई आपले हात ताठ धरीत नाहीं. पातेल्याबरोबर ते खालीं नेते. बंप रबर गाडीसाठीं नेमकें हेंच करतें. लोखंड लोखंडावर आदळतें तेव्हां मात्र थांबावयास अर्धा सेंटिमीटरहि मिळत नाहीं.

या कामासाठीं रबरच कां? कच्चें रबर या कामाला निरुपयोगी होतें. उन्हाळ्यांत तें चिकट होई आणि थंडींत तडकूं लागे. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थानें १८३९ सालीं गंधकाबरोबर तापवून त्याला टिकाऊपणा आणला व १८४४ सालीं त्याचें पेटंट घेतलें. ज्या यवतमाळांत मे महिन्याचा पारा ४० अंशांच्या पलीकडे सहज चढतो, तेथें गुडइयरच्या या शोधावांचून कोणतेंहि रबर तग धरतेंना. दुसरा गुण असा कीं, भरींव रबर दाबलें तरी त्याचें आकारमान जवळ जवळ घटत नाहीं. कणकेच्या गोळ्याप्रमाणें तें बाजूंना फुगतें. म्हणून हें रबर बसवितांना त्याच्या भोंवतीं फुगण्यापुरती मोकळी जागा ठेवावी लागते. त्याचा शेंडा निमुळता आणि बूड रुंद असतें, तेंहि शोभेसाठीं नव्हे. प्रथम शेंडा टेकतो व सहज दबतो. जसजसा दाब वाढेल तसतसा अधिकाधिक रुंद भाग कामाला लागतो आणि विरोध चढत जातो. आरंभीं नम्र आणि अखेरीस निश्चल, असा त्याचा स्वभाव बनविलेला असतो. शिवाय बसलेल्या धक्क्याचा कांहीं अंश तें उष्णतेच्या रूपानें स्वतःमध्येंच जिरवून टाकतें.

या गुणांचा मोह इंजिनीयरांना इतका पडला कीं, १९५९ सालीं इंग्लंडांत निघालेल्या 'मिनी' या चिमुकल्या मोटारींत अॅलेक्स मोल्टन यांनीं मुख्य स्प्रिंगच रबराची केली. अलीकडील बहुतेक मोटारींत भरींव रबराच्या जागीं पॉलियुरेथेन नांवाच्या पदार्थाचा सच्छिद्र तुकडा असतो आणि तो शॉकअपच्या दांड्यावर मण्यासारखा ओवलेला असतो. त्याच्या अंगांत हवेचीं असंख्य सूक्ष्म छिद्रें असल्यामुळें तो बाजूंना फारसा न फुगतां स्वतःच आंत मिटतो. २०२१ सालीं भारतांत आलेल्या सित्रोएन कंपनीच्या एका मोटारींत तर हें अखेरचें काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या उशीकडे सोंपविलेलें आहे. साधन बदललें, पण तत्त्व तेंच राहिलें: शेवट टाळतां येत नसेल, तर तो हळुवार करावा.

श्रोतेहो, हें सारें कोणत्याहि देशांतील गाडीला लागू आहे. मग मीं यवतमाळ जिल्ह्याचें नांव मुद्दाम कां घेतलें? कारण आमच्या पायांखालची जमीन. या जिल्ह्याचा बराच मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणानें व्यापलेला आहे आणि तो पाषाण झिजून झालेली काळी, कापसाची जमीन त्यावर पसरलेली आहे. या मातींत माँटमोरिलोनाइट नांवाचा एक चिकणा घटक असतो. तो पाणी पिऊन फुगतो आणि पाणी गेलें कीं आक्रसतो. उन्हाळ्यांत आमच्या शेतांत पायाचा पंजा शिरेल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन-चार पाऊस झाले कीं त्या मिटून जातात. शेतकऱ्याला याचें कौतुक आहे. कापसाला ओल पुरविणारी हीच माती. परंतु रस्ता म्हणजे कापूस नव्हे. ज्या रस्त्याखालीं ही माती पुरेशी खोल खणून काढलेली नसते, किंवा मुरुमाचा भक्कम थर घालून तिला दाबलेलें नसतें, तो रस्ता दर वर्षीं तिच्याबरोबर उठतो आणि बसतो. कडेच्या पट्ट्यांत ओल लवकर शिरते, मध्यभागीं उशीरा; म्हणून डांबराला लांबच लांब चिरा जातात. मोरी पक्क्या पायावर उभी असते, ती हलत नाहीं. तिच्या दोन्ही अंगांची माती मात्र खचते, आणि मोरीच्या तोंडाशीं एक पायरी तयार होते. ती दुरून दिसत नाहीं. गाडी तिच्यावर चढली म्हणजेच ती कळते.

नागपूरहून हैदराबादेस जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आमच्या पांढरकवड्यावरून जातो. तुळजापूर व नागपूर या बाजूंना जोडणारा ३६१ क्रमांकाचा मार्ग उमरखेड, महागांव, आर्णी, यवतमाळ, कळंब असा जिल्हा ओलांडतो. या महामार्गांवर गाडीला व ड्रायव्हरला वेगाची संवय लागते. मग फांटा फुटतो, गाडी खेड्याकडे वळते, रस्ता अरुंद होतो, पुढें पांदण लागते. आणि वेग मात्र महामार्गावरचाच मनांत राहतो. वेग दुप्पट झाला कीं त्यांतील शक्ति चौपट होते, हा निसर्गाचा नियम तालुका पाहून बदलत नाहीं. मोरीच्या तोंडाची ती न दिसणारी पायरी ज्या क्षणीं चाकाला भेटते, त्या क्षणीं स्प्रिंगचीं चार-पांच बोटें संपतात आणि सारा भार आपल्या या बोटभर रबरावर येतो.

दुसरें कारण भार. काळी-पिवळींत दाटीवाटीनें बसून ज्यांनीं प्रवास केला असेल, त्यांना मी काय म्हणतों तें कळेल. ठरल्यापेक्षां पांच-सहा माणसें अधिक बसलीं कीं पाटे अगोदरच बसतात. चार-पांच बोटांच्या जागेंत बोट-दीड बोट उरतें, आणि मग रबर अडीअडचणीचें न राहतां रोजच्या राबणुकीचें होतें. कापसाच्या हंगामांत गच्च भरून जिनिंगकडे निघालेल्या गाड्या आणि वणीच्या बाजूला कोळसा वाहणारे ट्रक यांचीहि कथा निराळी नाहीं. या बाबतींत एक अन्यायहि आहे, तो मला विशेष बोंचतो. गाडी आदळते तेव्हां दोन आंसांच्या मध्यें बसलेल्यांना धक्का त्यामानानें कमी लागतो. जो मागच्या आंसावर किंवा त्याच्याहि मागें बसतो, त्याला तो सर्वांत अधिक लागतो. आणि आमच्याकडे मागें कोण बसतें? पुढची जागा ओळखीच्या व वजनदार माणसांना जाते. मागच्या बाकावर म्हाताऱ्या, पोटुशी सून, कडेवर मूल घेतलेली आई, यांची दाटी. हाडें ठिसूळ झालेल्या वृद्धाचा मणका अशा एकाच आदळीनें दबून मोडूं शकतो, हें अस्थितज्ज्ञांना चांगलें ठाऊक आहे. सोसतें कोण, या मिस्त्रीच्या प्रश्नाचें हें पहिलें उत्तर.

दुसरें उत्तर असें कीं, गाडीहि सोसते. फक्त ती ओरडत नाहीं. रबर नाहींसें झालें कीं पाटा मर्यादेपलीकडे वांकतो आणि एके दिवशीं त्याचें मुख्य पान मोडतें. शॉकअपचा दट्ट्या तळाशीं आदळून आंतील झडपा निकामी होतात. चासीला, आदळणाऱ्या जागेपाशीं, केंसासारखी चीर पडते व ती हळूंहळूं वाढते. टायर वर जाऊन पत्र्याला घासतो. वीस-पंचवीस हजारांचें काम निघतें आणि मालक रस्त्याला दोष देतो. रस्त्याचा दोष असतोच. पण त्या रस्त्यासाठींच जो पहारेकरी नेमला होता, त्याला आपणच कामावरून काढलेलें असतें.

या पहारेकऱ्याविषयीं लोकांत कांहीं गैरसमज आहेत. रबर काढून टाकलें तर चाकाला अधिक जागा मिळेल व गाडी अधिक मऊ चालेल, असा एक तर्क आहे. जागा मिळते हें खरें. पण त्या जागेच्या अखेरीस भिंत असते. दुसरा समज असा कीं, जितकें कडक रबर तितकें चांगलें. अगदीं कडक रबर आणि लोखंड यांत प्रवाशाच्या दृष्टीनें फारसें अंतर नाहीं. जें दबतच नाहीं तें थांबण्यास वेळ काय देणार? तिसरी युक्ति अलीकडे फार बोकाळली आहे. गाडी उंच व्हावी म्हणून गुंडाळीच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्यें रबराचीं कडीं बसवितात. गाडी थोडी उंच दिसूं लागते खरी. परंतु स्प्रिंगचे कांहीं वेढे त्यामुळें अडकून पडतात, ती कडक होते आणि बाकीच्या वेढ्यांवरचा ताण वाढतो. थकलेल्या स्प्रिंगला नवी स्प्रिंग हाच उपाय. थकलेल्या बैलाला टोंचणी लावून त्याचें वय कमी होत नाहीं.

मग करावें काय? करावयाचें फार थोडें आहे. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं एकदां व पावसाळा संपल्यावर एकदां, गाडी सर्व्हिसिंगला जाते तेव्हां मिस्त्रीला एवढेंच सांगावें कीं, चारी बंप रबरें आहेत कां तें पाहा, आणि मलाहि दाखव. पाट्यांच्या गाडींत रिकामी असतांना रबराच्या शेंड्यापासून खालच्या आंसापर्यंत स्वच्छ मोकळी जागा दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर रबराचा दोष नाहीं. पाटे बसले आहेत. रबरावर चिरा पडल्या असतील, तेल लागून तें फुगलें असेल, किंवा सच्छिद्र तुकड्याचा ओलीनें व वयानें भुगा होऊं लागला असेल, तर तें बदलावें. आणि बदलतांना डाव्या-उजव्या बाजूचें एकदमच बदलावें. एकाच अंगाचें रबर वारंवार तुटत असेल, तर त्या बाजूची स्प्रिंग किंवा शॉकअप तपासावा. हें रबर केवळ सेवक नाहीं, साक्षीदारहि आहे. गाडींत किती भार घातला जातो, ती किती वेगानें हांकली जाते, तिच्या स्प्रिंगमध्यें किती जीव उरला आहे, या साऱ्याची नोंद तें आपल्या अंगावर करून ठेवतें. वाचणारा मात्र वांकावयास तयार पाहिजे.

आणि ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाहीं, जे भाड्याच्या गाडीनें जातात, त्यांनींहि ऐकावें असें यांत कांहीं आहे. ज्या आवाजाचें वर्णन मीं आरंभीं केलें, तो लोखंडाचा कोरडा 'ठण्ण' आवाज ऐकूं आला, तर ड्रायव्हरला तें सांगण्याचा संकोच करूं नये. रबर शाबूत असेल तर आवाज दबका, 'धप्प' असा येतो. हा फरक लहान मूलहि ओळखील. ड्रायव्हर हंसेल कदाचित्. पण चार उतारूंनीं चारदां सांगितलें, तर पांचव्या वेळीं तो गाडीखालीं पाहील.

त्या दिवशीं मिस्त्रीनें अर्ध्या तासांत दोन्ही बाजूंचीं नवीं रबरें बसवून दिलीं. झालेला खर्च यवतमाळपर्यंतच्या त्या प्रवासाच्या भाड्याहून कमी होता. माझी आत्या शस्त्रक्रियेनंतर काठीच्या आधारानें पुन्हां हिंडूं-फिरूं लागली. दवाखान्यांतले दिवस, टांके, कडू औषधें यांची तक्रार तिनें कधींहि केली नाहीं. त्या रात्रीच्या रस्त्याविषयीं मात्र ती अजून बोलते. आणि बोलतांना तिचा हात नकळत कमरेकडे जातो. तो हात मी पाहतों तेव्हां मला एवढेंच वाटतें कीं, तिच्या वाट्याला आलेलें सारेंच दुःख आम्हांला टाळतां आलें नसतें. हाड मोडलेलें होतें, वाट लांब होती, पाऊस पडत होता. परंतु त्यांतला पुष्कळसा भाग लिंबाएवढ्या रबरानें आपल्या अंगावर घेतला असता. आणि तें रबर तेथें नव्हतें, कारण गाडी त्याच्यावांचूनहि चालत होती.